क्युबेक आणि मधला डबा

कॅनडात ब्रॅम्पटनमध्ये शिकणाऱ्या आम्हा मुलांची एक पक्की समजूत आहे. युरोप बघायचा असेल आणि व्हिसाची कटकट नको असेल, तर क्युबेक सिटीला जावं. तिथे दगडी तटबंदी आहे, फ्रेंच बोलणारी माणसं आहेत, आणि फोटोखाली गावाचं नाव लिहिलं नाही तर आमच्या मिरजेतल्या निम्म्या लोकांना ते पॅरिसच वाटतं. माझ्या वर्गातल्या एकाने असेच फोटो टाकून घरी वर्षभर मान मिळवला होता. तो उघडा पडला तो एका फोटोत मागे कॅनडाचा झेंडा आल्यामुळे.

तेव्हा ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मी आणि माझी रूममेट रश्मी क्युबेकला गेलो. दोघीही शेवटच्या सेमिस्टरला होतो. पुढे नोकरी दूर पश्चिमेकडे सरेला लागते की सस्काटूनला, कुणाला ठाऊक. "एकदा जॉब लागला का मंग फक्त ओव्हरटाइम आणि पीआरचे फॉर्म," असं रश्मीचं म्हणणं. पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना. ती नागपूरची. बघायच्या ठिकाणांची तिने चौदा कलमी यादी केली होती आणि शेवटच्या दिवसासाठी एक प्रचंड धबधबा राखून ठेवला होता. त्या धबधब्याबद्दल मी इथे काहीच सांगू शकणार नाही, हे आधीच कबूल करते. तो दिवस आम्ही एका स्टीलच्या डब्यामागे घालवला.

डब्याचं सांगायलाच हवं. माझ्या आईकडे एकात एक बसणारे तीन डबे आहेत. तिच्या लग्नात तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कामावशीने, दिलेले. प्रत्येकावर कोरलंय, 'चि. सौ. कां. मंगल हिस, अक्काकडून सप्रेम भेट.' मोठ्यात चिवडा, मधल्यात शंकरपाळे, छोट्यात बेसनाचे लाडू, ही आमच्या घरची दिवाळीची घटना आहे आणि तिच्यात दुरुस्ती होत नाही. अक्कामावशी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या जोशीकाकू लेकीकडे, आमच्या जवळच्याच मिसिसागाला आल्या. आईने त्यांच्याबरोबर मला लाडू धाडले, आणि एकवीस लाडू नेमके मधल्या डब्यात बसतात म्हणून त्याच डब्यातून धाडले. बरोबर हुकूम होता. जोशीकाकू बुधवारी परत निघतात, डबा त्यांच्या हाती द्यायचा, दिवाळीच्या आत तो मिरजेत पाहिजे. लेक नऊ-दहा टाइम झोन ओलांडून गेली तरी आमची आई डबा विसरत नाही. मी एकदा बारावीच्या प्रिलिमला गणितात नापास झाले होते, ते तिने माफ केलं. त्याच आठवड्यात शाळेत टिफिनचं झाकण हरवलं, त्याचा विषय अजून निघतो.

आणि असा डबा मी क्युबेकला नेला. कारण तीन दिवस बाहेर खायचं, मी शाकाहारी, आणि रश्मीला दर दोन तासांनी भूक लागते.

पहिले दोन दिवस, थोडक्यात

आम्ही खालच्या गावात मादाम जिनेट नावाच्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. पंच्याहत्तरीच्या, काटक, ओठांना लाल रंग, पायांत धावायचे बूट. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कुडकुडत दारात उभ्या राहिलो तर त्यांनी दोन्ही गालांचे मुके घेतले आणि वाटाण्याचं गरमागरम सूप पुढ्यात ठेवलं. मी पहिला चमचा तोंडाशी नेला आणि त्यात डुकराचा तुकडा दिसला. "ओह, दॅट? दॅट इज नॉट मीट, दॅट इज फॉर टेस्ट," मादाम म्हणाल्या. माझं सूप रश्मीने संपवलं.

त्यांनी मग माझ्यासाठी भराभर ऑम्लेट केलं. अंडं मी खात नाही हे सांगायची माझी छाती होईना, म्हणून तेही रश्मीने संपवलं. आता एवढं दोनदोनदा केलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसं बसवायचं? पिशवीतून डबा काढला. वाटेत आम्ही दहा लाडू फस्त केले होते, अकरा उरले होते. अकरा म्हणजे विषम आकडा, द्यायला शुभ. मी डबा दोन्ही हातांनी मादामच्या हाती दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, डबा छातीशी धरला आणि पुन्हा दोन्ही गाल.

इथे माझी चूक झाली, आणि ती चूक फक्त आपलाच माणूस करू शकतो. आपल्याकडे डबा देणं म्हणजे आतलं देणं. डबा दोन दिवसांत घासून परत येतो, आणि रिकामा येत नाही, निदान मूठभर साखर घालून येतो. हे कुणी कुणाला सांगत नाही. मी निर्धास्त होते. किंबहुना मादाम डब्यात काय घालून देतील यावर आम्ही दोघींनी पैजही लावली होती.

शनिवार-रविवार हिंडलो. क्युबेकमध्ये गाव दोन मजल्यांवर आहे. खालचं गाव नदीकाठी, वरचं कड्यावर तटबंदीच्या आत, आणि मधे जिने, जिने आणि जिने. घरांची छपरं लाल नि हिरवी, दारांत भोपळे मांडलेले, झाडं अशी पेटलेली की रश्मीने एकाच मेपलचे सत्तावीस फोटो काढले. दुकानात शिरलं की आधी 'बोंजूर' म्हणायचं. न म्हणता एकदम भाव विचारला तर दुकानदारीण आपल्याकडे असं बघते की आपण तिच्या देवघरात चपला घालून गेलोय. पुटीन खाल्लं. बटाट्याच्या काचऱ्यांवर चीजचे गोळे आणि वर तपकिरी रस्सा. माझ्यासाठी शाकाहारी रस्सा मागितला तर वाढणाऱ्या पोराने दोन मिनिटं विचार केला आणि रस्साच घातला नाही. टांगेही होते. लहानपणी मिरज स्टेशनबाहेर टांग्यात बसायला मी हट्ट करायची. इथला टांगेवाला टोपी काढून वाकला, पण घोडा तसाच कंटाळलेला होता.

सोमवार, सकाळी आठ

आमची बस साडेचारला होती. मी नाश्त्याला बसले तोच आईचा मेसेज आला. 'डबा घेतलास का? फोटो टाक.'

मी मान लांब करून स्वयंपाकघर न्याहाळलं. भांडी निथळत ठेवली होती त्यात डबा नव्हता. फळीवर नव्हता. फ्रिजवर होतं ते व्हर्जिन मेरीचं चित्र. आता विचारायचं कसं? एकदा हातात दिलेली वस्तू परत मागायला तोंड लागतं. मी आडून सुरुवात केली.

"मादाम, लाडू आवडले का?"

"देलिस्यू!" त्यांनी बोटांची टोकं चुंबून हवेत उडवली.

"कोरडे पडले नाहीत ना? डब्यात असले की बरे राहतात."

"वी, वी," म्हणजे हो, हो.

"डबा तसा जडच आहे नाही? घासायला त्रास झाला असेल."

मादाम प्रेमाने हसल्या आणि माझ्या ताटलीत आणखी एक टोस्ट वाढला. टेबलाखालून रश्मीने मला लाथ घातली. "सरळ माग ना बे. काहून गोल गोल फिरून राहिली?"

मग मी सरळ विचारलं, डबा कुठे आहे. मादामचा चेहरा खुलला. एवढी सुंदर भेट एकटीने ठेवून कशी घ्यायची? सहा लाडू त्यांनी खाल्ले. उरलेले पाच आणि 'द ब्यूटिफुल सिल्व्हर बॉक्स विथ द प्रेअर' त्यांनी शनिवारीच ह्युगेटला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, नेऊन दिला. ती वरच्या गावात वृद्धांच्या निवासात राहते.

"प्रेअर?" मी म्हटलं.

"द रायटिंग! इट इज अ प्रेअर, नो?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही कळलं नाही. चुलीत गेला धबधबा. बुधवारी जोशीकाकूंच्या हाती मी काय देणार? आणि दिवाळीला आईने फळीवरून डबे काढले की मोठ्याच्या आत छोटा खडखड वाजणार, आणि तो आवाज मला इथपर्यंत ऐकू येणार.

"आम्हाला तुमच्या बहिणीला भेटायचंय," मी एकदम बोलून गेले. मादामना इतका आनंद झाला की त्या लगेच बूट बदलायला आत गेल्या. त्या स्वतः बरोबर येणार होत्या.

तेवढ्या वेळात रश्मीने बेत शिजवला. आपण खाली बाजारात एक छानसा पत्र्याचा डबा घ्यायचा, मेपलच्या गोळ्यांचा असतो तसा. तिथे गेल्यावर उरलेले लाडू त्यात घालायचे, आणि स्टीलचा डबा पिशवीत.

"आणि कारण काय सांगायचं?"

"मी आहे ना. ग्रोसरीत काम करते, माझ्याकडे फूड हँडलरचं सर्टिफिकेट आहे. म्हणते, थंडीत स्टीलमध्ये बेसन सेफ नाही."

"रश्मी, ही थाप आहे."

"मंग तू सांग खरं. सांग त्या म्हातारीला, का माझा लाडू खा आणि माझा डबा दे."

मी पाकिटातले डॉलर मोजायला घेतले.

जिने

मादामनी आम्हाला जसं क्युबेक दाखवलं तसं कुठलाही गाइड दाखवणार नाही, कारण गाइड श्वास घ्यायला थांबतो. ही तोफ, हिने काहीच केलं नाही. हे चर्च, इथे माझं पहिलं लग्न. हे दुकान, इथला चीजवाला चोर. नदीकाठच्या जुन्या गल्लीत एका अख्ख्या भिंतीवर गावचा इतिहास रंगवलाय. मादाम मला त्यातला एकेक माणूस समजावून सांगत होत्या तेव्हा रश्मी 'वॉशरूम' म्हणून सटकली आणि दहा मिनिटांनी पोट धरून परत आली. पोट नव्हतं ते; जॅकेटच्या आत डबा होता. डब्यावर बर्फातलं लाल घर, घसरगाडी आणि खदाखदा हसणारा घोडा. ती चालली की आत मेपलच्या गोळ्या खुळखुळत होत्या.

"इज शी सिक?" मादामनी हळूच विचारलं.

"गॅस," मी म्हटलं. देव मला क्षमा करो.

वरच्या गावात जायला केबलवर चालणारा एक डबा आहे, दोन मिनिटांत वर नेतो. मी आशेने तिकडे वळले तर मादामनी नाक मुरडलं. "दॅट इज फॉर टूरिस्ट." आम्ही टूरिस्टच होतो, पण ते सांगायला ऐकणारं माणूस थांबलं पाहिजे. त्या जिना चढायला लागल्या होत्या. त्या जिन्याचं नावच मुळी मान मोडेल असं आहे. मी पायऱ्या मोजायला घेतल्या आणि चाळीसला नाद सोडला. वर पोचलो तेव्हा मादाम कठड्याला टेकून ओठांना नवा रंग लावत होत्या आणि आम्ही दोघी मिरज पॅसेंजरच्या इंजिनासारख्या वाफ सोडत होतो.

वर मात्र जीव निवला. कड्याच्या काठाने लाकडी फळ्यांची लांबच लांब गच्ची आहे, तिच्यामागे किल्ला शोभेल असं हॉटेल, आणि खाली सेंट लॉरेन्स नदी. आमच्या कृष्णेला नदी म्हणायचं तर हिला काय म्हणायचं, असा प्रश्न पडावा एवढी रुंद. पलीकडचा डोंगर लाल, पिवळा, शेंदरी. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं. एरवी मी तिथे तासभर बसले असते. त्या दिवशी मी नदीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता त्या आजीबाईंनी डब्यात भाजी ठेवून तो मायक्रोवेव्हमध्ये घातला नाही म्हणजे मिळवली.

"तुमच्या बहिणीचं वय काय?" मी विचारलं.

"एटी फोर. माय होल लाइफ, एव्हरीथिंग नाइस आय हॅव, आय ब्रिंग टू ह्युगेट," मादाम म्हणाल्या. "व्हेन आय वॉज स्मॉल शी केम विथ मी टू स्कूल इन द स्नो. शी वॉक इन फ्रंट. आय वॉक इन हर फूट."

म्हणजे बहिणीच्या पावलांत पाऊल टाकून. रश्मीने माझ्याकडे बघितलं आणि जॅकेटची चेन आणखी वर ओढली.

खिडकीची खोली

ह्युगेट खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीकशा, पांढरेशुभ्र केस, मांडीवर शाल. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, अक्कामावशीचा डबा. इतका लखलखीत तो आमच्या घरी दसऱ्यालाही कधी नव्हता. मला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि मग त्याच्याकडे हात जाईल असं वाटलं, म्हणून मी दोन्ही हात खिशात घातले.

ह्युगेटना इंग्रजी बहिणीपेक्षा बरं येत होतं. त्यांनी आम्हाला जवळ बसवलं. त्यांचे हात सारखे थरथरत होते. कप उचलला की बशीवर वाजायचा, म्हणून त्या आता प्लॅस्टिकच्या पेल्यातून पितात, म्हणाल्या, लहान मुलासारखं. काचेच्या सगळ्या बरण्या त्यांच्या हातून फुटल्या.

"पण हा," त्यांनी डब्याकडे मान केली, "दोनदा पडला. फुटला नाही. टण्ण करून हसला."

त्यांनी झाकण काढून दाखवलं. आत अर्धा लाडू होता. दोन दिवसांत प्रत्येक चहाबरोबर एकेक करत साडेचार संपले होते, आणि हा शेवटचा त्या पुरवून पुरवून खात होत्या.

रश्मीने घसा खाकरला. "अ‍ॅक्च्युअली मादाम, आय हॅव अ फूड हँडलर सर्टिफिकेट." एवढं बोलून ती थांबली. मी वाट बघत होते. ती त्या थरथरत्या हातांकडे बघत होती. "...आणि हे लाडू एकदम सेफ आहेत," तिने वाक्य संपवलं. माझी इतकी बडबडी मैत्रीण, ऐन वेळी मोडून पडली.

"यावर काय लिहिलंय?" ह्युगेटनी विचारलं. "जिनेट म्हणते प्रार्थना आहे."

आता थाप मारायचं काम माझ्यावर आलं होतं. मी डबा हातात घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, लहानपणी वाचायला शिकताना फिरवायची तसा. माझ्याच्याने थाप मारवली नाही. "लिहिलंय की हा थोरल्या बहिणीने धाकटीला दिला. तिच्या लग्नात."

ह्युगेटनी हे बहिणीला फ्रेंचमध्ये सांगितलं आणि खोलीत जे सुरू झालं ते मला भाषा येत नसूनही शब्दन् शब्द कळलं. ह्युगेट म्हणत होत्या, मग हा उलटा आलाय, थोरली मी आहे, हा मी तुला द्यायला हवा, घे. जिनेट म्हणत होत्या, मुळीच नाही, तुला दिला तो दिला. डबा एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात होता. आमच्या मिरजेत लग्नाच्या मांडवात आहेराच्या साडीवरून अगदी अशीच ओढाताण होते, फक्त तिथे कुणी फ्रेंच बोलत नाही.

मधेच ह्युगेट थांबल्या. "या दोन बहिणी कुठे असतात?"

"धाकटी माझी आई," मी म्हटलं. "थोरली दोन वर्षांपूर्वी गेली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्या माणसांना काही गोष्टी उलगडून सांगाव्या लागत नाहीत. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे केला. "हा तुला परत हवाय."

मी सगळं सांगून टाकलं. डबा म्हणजे भेट नव्हे हे, जोशीकाकू, बुधवार, शंकरपाळे, सगळं. जिनेट तोंडावर हात ठेवून 'मों द्यू, मों द्यू', म्हणजे देवा रे देवा, करत होत्या. रश्मीने शरमेने जॅकेटची चेन खाली ओढली तर आतला डबा घरंगळला आणि हसरा घोडा जमिनीवरून थेट ह्युगेटच्या पायाशी जाऊन थांबला. मग मी तोही बेत सांगितला. सर्टिफिकेटसकट.

आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची बाई हसायला लागली. "गॅस!" जिनेटना आठवलं आणि त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. बाहेरून एक नर्स डोकावून गेली.

डबा आता माझ्या हातात होता. ज्यासाठी धबधबा सोडला, जिना चढला, ते झालं होतं. पण माझे पाय निघेनात. कट्ट्यावर डब्याच्या जागी नुसता गोल डाग दिसत होता. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते, जेवणं आटोपून ती ओटा पुसत होती.

"डबा कुठाय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हा काय. पण आई, जरा थांब. यांना बघ." मी फोन फिरवला.

आईने दोन्ही बहिणींना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडायचा प्रयत्न केला. ह्युगेटचे हात जुळत नव्हते, एकमेकांना हुकत होते. मी भराभर सगळं सांगितलं. आई ऐकत होती का नाही कळेना. ती त्या हातांकडे बघत होती.

"थोरली कुठली गं?"

"या, खिडकीजवळच्या."

"हात कापतात तिचे."

"हो. बरण्या फुटतात म्हणून हा डबा आवडला त्यांना."

आईने ओटा पुसणं थांबवलं होतं. हातात ओट्यावरचं फडकं तसंच होतं. "अक्कालाही शेवटी कप धरवत नव्हता," ती म्हणाली. "मी तिला पितळेचं फुलपात्र दिलं तर म्हणाली, मला काय बाळ समजतेस का." मग तिने नाक पुसलं, त्याच फडक्याने. "राहू दे तिच्याकडे."

"काय?"

"डबा राहू दे म्हणते. ऐकू येत नाही का?"

रश्मीने माझा दंड धरला. तेवीस वर्षांत आमच्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं नव्हतं. "मग शंकरपाळे कशात ठेवशील?" मी विचारलं.

"ते मी बघीन. आणि त्यांना सांग, रिकामा ठेवू नका. आणि तारेची घासणी लावायची नाही म्हणावं, अक्षरं जातात."

हे मी इंग्रजीत सांगितलं, ह्युगेटनी ते बहिणीला फ्रेंचमध्ये सांगितलं आणि शपथ घेतल्यासारखा हात वर केला. मग त्यांनी खुर्चीतून हुकूम सोडायला सुरुवात केली. जमिनीवरचा पत्र्याचा डबा उचलायला लावला. आतल्या मेपलच्या गोळ्या स्टीलच्या डब्यात, अर्ध्या लाडवाशेजारी ओतायला लावल्या. कपाटातून जिनेटनी केलेल्या साखर-सायीच्या वड्या काढायला लावल्या. त्या वड्या दिसायला आणि चवीला इतक्या आपल्या दुधाच्या वड्यांसारख्या होत्या की मी चौकशीच केली नाही. त्या त्यांनी स्वतः, एकेक करून, पत्र्याच्या डब्यात भरल्या. खूप वेळ लागला. दोन खाली पडल्या. आम्ही कुणीही मदत केली नाही.

झाकण लावून त्यांनी डबा माझ्या हाती दिला आणि फोनकडे बोट केलं. "फॉर युअर मदर. फ्रॉम द बिग सिस्टर."

बसमध्ये बसल्यावर रश्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धबधबा राहिला बे." मी म्हटलं, हो. पुढे थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक वडी काढ." मी दिली नाही.

मिरज

बुधवारी तो डबा मी जोशीकाकूंकडे दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "मंगलने स्टीलचा सांगितला होता," त्या म्हणाल्या. "हा घोडा कसला?" मी म्हटलं, आईला माहितीये. त्या वर्षीचे शंकरपाळे म्हणे त्यातच ठेवले होते, आणि तो मोठ्या डब्यात बसत नाही म्हणून फळीवर वेगळा, पुढे ठेवलाय.

पुढच्या वर्षी, नोकरी लागून सस्काटूनला गेल्यावर, मी दिवाळीला घरी आले. दुसऱ्याच दिवशी आईने तो डबा पिशवीत घातला आणि मला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेली. नाव घालायचं तर तू आल्यावरच, असं तिने ठरवून ठेवलं होतं. दुकानातले नाव घालणारे काका चष्मा कपाळावर चढवून डबा बघायला लागले. यांनीच ते तिन्ही डबे कोरले होते, तीस वर्षांपूर्वी.

"वहिनी, पत्रा पातळ आहे. मशीन लावलं की भोक पडेल."

"हलक्या हाताने घाला."

"घोड्यावर येईल अक्षर."

"येऊ दे."

त्यांनी कागद पुढे केला. आईने लिहून दिलं, 'मंगल हिस, अक्काकडून सप्रेम भेट, क्युबेक.' काकांनी वाचलं आणि हातातलं मशीन थांबवलं. अक्कामावशीला ते ओळखत होते. तिच्या तेराव्याला ते जेवायला होते.

"क्युबेक?" त्यांनी जपून विचारलं. "हे कुठं आलं?"

"लांब आहे," आई म्हणाली. "अक्का असते तिथं."